बाही

अकरा वर्षं रक्त काढते मी.
चित्र शाळेत असताना काढलं असेल शेवटचं,
डोंगर, दोन पक्षी, बस.

लॅबच्या नव्या मालकाला कागद हवा होता.
नुसता हात बघून कोण पगार वाढवतो?
म्हणून विक्रोळीला, कन्नमवार नगरात,
पालिकेच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावर
संध्याकाळी सातला भरणारं कम्युनिटी कॉलेज.
चौथीच्या पोरांचे बाक, गुडघे टेकतात वर.
फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी सोडलेली बेरीज.

‘ऐच्छिक विषय घेणं सक्तीचं आहे,’
म्हणाला खिडकीवरचा कारकून, आणि स्वतःच हसला.
टॅलीचा वर्ग भरलेला.
ब्युटी कल्चरला किटचे दोन हजार वेगळे.
उरली चित्रकला, दोन क्रेडिट.
टिक केली.

डाबरे सर वसईहून यायचे.
पिशवीत कोळशाच्या कांड्या, आणि खोडायला शिळा पाव.
तीन आठवडे नुसतं स्टूल.
‘स्टूल नका काढू, त्याच्या पायांमधली हवा काढा.’
हवा म्हटलं की मला सिरिंज आठवते,
टिचकी मारून वर घालवायचा तो बुडबुडा.
पण काढली. जमली थोडी.
शेजारच्या शगुफ्ता तुंगेकरच्या स्टुलावर मात्र
कोपऱ्याकोपऱ्यात मेंदीची वेल चढायची.
सर काही बोलायचे नाहीत तिला.
घरी येऊन मी फ्रिज आणि भिंतीमधली फट
कितीतरी वेळ बघत उभी राहिले.
‘झुरळ आहे का?’ नवऱ्याने विचारलं.

चौथ्या आठवड्यात हात.
मॉडेलला द्यायला पैसे नव्हते,
सरांनी खालून शिगवण वॉचमनला बोलावलं.
‘चाळीस मिनिटं बसा, चहा मागवतो.’
‘चहा नको,’ म्हणाला, ‘आजचं पाणी पिऊन झालं.’
डावा हात टेबलावर ठेवला.
खाकी बाही सरांनीच दुमडली, कोपरापर्यंत.

हात दिसला की मी आधी शीर शोधते.
इथे शोधावं लागलं नाही.
मनगटाच्या वर सुपारीएवढा फुगवटा,
पुढे रांगेने सुयांचे जुने ठिपके.
त्यावर बोट ठेवलं
तर आत मांजर गुरगुरतं, मला माहीत आहे.
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला लावलेला हात.
अशा हातातून आम्ही काही काढत नाही,
फाइलवर लाल पेनाने तसं लिहितो.
चित्राचं कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या पर्सला लॅबचं ओळखपत्र लटकत होतं.
त्याने ते वाचलं, मग मला.
उजवा हात हळूच डाव्यावर आला.
‘हलू नका हो,’ सर म्हणाले.
आणि आम्हाला, ‘माहीत आहे ते काढू नका.
दिसतं तेवढंच काढा.’

पुढच्या बाकावरच्या पोराने त्या जागी घड्याळ घातलं.
शगुफ्ताने पान.
मी बाही काढली.
मनगटापर्यंत उतरवलेली, बटण लावलेली.
बटणाची चार भोकं, त्यातला दोरा,
कापडाला हात आत असल्याच्या घड्या.
इतकं काळं झालं की
करंगळीच्या कडेपासून कोपरापर्यंत मीच माखले.

सर मागे येऊन थांबले.
‘बाही कुठे दिसली तुम्हाला?’
गप्प राहिले.
‘आणि हात?’
‘आत आहे, सर.’
दहापैकी चार. शेरा, निरीक्षण कमी.
चिडून नव्हे, पाव चुरडत, थोडं वाईट वाटून लिहिला त्यांनी.

नऊला खाली उतरले.
शिगवण गेटवर, बाही खाली, बटण लावलेलं.
‘किती मिळाले, बाई?’
‘चार.’
त्याने उजव्या हाताने कडी सरकवली,
मला जाऊ दिलं,
आणि मागून म्हणाला,
‘पुढच्या वेळी हा ठेवतो.’